पोळ्याचा ठोंबरा अन् पोटातले जंतू

या वेळी ढोरांच्या पोटाबद्दलचीच पत्रं जास्त आली, पोळा नुकताच झाला म्हणून असंल. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, पण ते नीट बसलं की पुढची सोपी जातात म्हणून कापलं नाही.

प्रश्न : पोळ्याले आमच्या जोडीले दरवर्षीसारखा ठोंबरा अन् पुरणपोळी देल्ली. मंग गावात ओवाळाले फिरवलं, चार घरी अजून पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे एक बैल उठेच ना. रवंथ बंद, दात खाये, अन् शेण पातळ, आंबट वासाचं, त्यात ज्वारीचे दाणे जसेच्या तसे. डॉक्टर साहेब आले, सलाईन अन् सोडा देल्ला, बैल वाचला. पण ते म्हणे याच्या पोटातले जंतू बिघडले. जंतू म्हणजे तं रोग नं? मंग ते आधीपासून पोटात होते का? किती? अन् बिघडले म्हणजे काय झालं? दुसऱ्या बैलानं तेवढंच खाल्लं, त्याले काहीच झालं नाही, हे कसं?
— एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, बैल वाचला ही ओळ आधी शोधली अन् मग पत्र सुरुवातीपासून वाचलं. आमच्या घरचा एक बैल असाच पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी गेला होता, मी तेव्हा सातवीत होतो, अन् वडील कितीतरी दिवस म्हणत राहिले की नजर लागली. नजर नव्हती, ठोंबराच होता, शिजवलेल्या ज्वारीचा, आईनं मायेनं दोनदा वाढलेला.

जंतू म्हणजे रोग हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण बैलाला स्वतःला कडबा पचवताच येत नाही. कडबा, कुटार, गवत यातला मुख्य माल म्हणजे सेल्युलोज, अन् सेल्युलोज तोडणारा पाचक रस बैलाच्या अंगात तयारच होत नाही. गाईच्या नाही, म्हशीच्या नाही, बकरीच्या नाही, आपल्याही नाही. तोडतात ते जंतू. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात, कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट अन् शेवटी खरं पोट, त्यातलं पहिलं कोठीपोट इतकं मोठं की मोठ्या जनावरात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो, म्हणजे आपला निळा ड्रम असतो दोनशे लिटरचा, त्याचा अर्धा. आत उष्णता ३९ अंशाच्या जवळपास, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, अन् रात्रंदिवस घुसळण चालू. जंतूंना राहायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजवरच्या एका मोठ्या रेघेइतक्या रसात, एक हजार कोटी ते दहा हजार कोटी जिवाणू असतात. जगातली सगळी माणसं मोजली तरी एवढी भरत नाहीत.

मी हा रस पहिल्यांदा पाहिला तो व्हेटर्नरी कॉलेजच्या लॅबमध्ये. तिथं संशोधनासाठी एखाद्या जनावराच्या डाव्या कुशीत ऑपरेशन करून रबरी बुचाचं भोक ठेवलेलं असतं, त्यातून रस काढता येतो अन् जनावर आपलं चरत राहतं. रस थर्मासमधून आणला होता, हिरवट पिवळा, मुरघासासारखा आंबूस वास. काच तळहातावर धरून कोमट केली, एक थेंब टाकला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर अख्खा थेंब हलत होता. केसाळ अंगाचे गोल गोल जीव गवताच्या धाग्याला धडकून मागं फिरत होते, ते प्रोटोझोआ, म्हणजे एकाच पेशीचे जीव, अन् त्यांच्या मधून जी बारीक धूळ थरथरत होती ते जिवाणू. चार-पाच मिनिटांत काच गार पडली तसे मोठे जीव मंद झाले, मग थांबले. मी काच परत तळहातावर धरून पाहिली. त्या दिवसापासून रवंथ करत बसलेलं ढोर दिसलं की मला तो थेंबच दिसतो.

आता बिघडलं काय ते सांगतो. या जिवाणूंमध्ये कामं वाटलेली असतात. धागा तोडणारी टोळी वेगळी, त्यात मुख्य तीन, फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनेस, रुमिनोकोकस आल्बस अन् रुमिनोकोकस फ्लेव्हफेशियन्स. हे कडब्याला चिकटून बसतात अन् सावकाश तोडतात. त्यातून शेवटी असिटिक, प्रोपिओनिक अन् ब्युटिरिक अशी तीन आम्लं निघतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, अन् बैल बंडी ओढतो ती बहुतेक त्याच ताकदीवर. पुढं हे जिवाणू स्वतःच रसासोबत वाहत खऱ्या पोटात जातात, तिथं मरतात अन् पचतात, बैलाला मिळणाऱ्या प्रोटीनमधला मोठा वाटा हाच. म्हणजे गव्हाणीत आपण जे टाकतो ते आधी जंतू खातात अन् मग बैल जंतू खातो.

ही धागा तोडणारी टोळी आंबटपणाला फार नाजूक. रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट, सहाच्या खाली गेला की तिचं काम थांबत जातं. एरवी तो खाली जात नाही कारण बैल कडबा चावताना अन् रवंथ करताना सारखी लाळ गिळतो, मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळतं, अन् त्या लाळेत सोडाच असतो, आपला खायचा सोडा असतो तोच पदार्थ. ठोंबरा शिजलेला, पुरणपोळी मऊ, चावायचं काम नाही म्हणून लाळ कमी, अन् आत एकदम एवढं स्टार्च अन् गूळ. रोज कडबा खाणाऱ्या बैलाच्या पोटात स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जिवाणू थोडाच असतो, कोपऱ्यात पडलेला. त्याला साखर-स्टार्च मिळालं की तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो, पहिल्या पावसानंतर वावरात तण यावं तसा, अन् लॅक्टिक आम्ल सोडतो. दह्यात असतं तेच आम्ल, पण कोठीपोटात इतकं साचलं की पीएच पाचच्या खाली जातो, मग आंबटात तगणारे लॅक्टोबॅसिलस वाढतात, ते अजून आम्ल करतात, धागा तोडणारे मरतात, प्रोटोझोआ मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, आम्ल रक्तात जातं. तुमच्या डॉक्टरांनी सलाईन अन् सोडा दिला तो याच्यासाठी.

दुसरा बैल कसा वाचला? लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारेही जिवाणू पोटात असतात, मेगास्फेरा एल्सडेनी हा त्यातला नामी. पण ते हळू वाढतात. ज्या ढोराला रोज थोडी ढेप, थोडी चुनी मिळते त्याच्या पोटात ते आधीच तयार असतात, नुसत्या कुटारावरच्या ढोरात नसल्यात जमा. तुमच्या जोडीतला दुसरा कदाचित खुराकावर असंल, किंवा गावात फिरताना त्यानं कमी खाल्लं असंल. प्रत्येक जनावराचा जंतूंचा मेळ थोडा वेगळाच असतो, एका कोठ्यात बांधलेल्या भावा-भावांचाही.

पोळा करू नका असं मी कोणाला म्हणणार नाही, वर्षभर राबतो त्याचा एक दिवस आहे. फक्त आवतण देता त्या सांजेपासून बैल उपाशी ठेवू नका, सकाळी पोटभर कडबा आधी घाला, ठोंबरा ओंजळभर, पोळी एखादी, अन् ओवाळणाऱ्या घरी आधीच सांगून ठेवा की घास कपाळाला लावा अन् परत द्या. अन् एरवीही चारा बदलायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन थोडा थोडा बदला, कारण तेवढ्या वेळात आतली टोळी बदलते. रवंथ बंद झालेली दिसली की घरगुती काढ्यात दिवस घालवू नका, डॉक्टरला फोन करा.

प्रश्न : मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. सरांच्या जुन्या नोट्समध्ये आतड्यातल्या जिवाणूंचे फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेटिस असे मोठे गट दिलेत, नव्या पुस्तकात बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा. परीक्षेत काय लिहायचं? आणि आम्ही गाईच्या शेणाचं सॅम्पल प्लेटवर लावलं तर दोन-तीनच प्रकारच्या कॉलनी आल्या, मग शेकडो प्रकार असतात हे कळतं कसं?
— एक विद्यार्थिनी, दर्यापूर

उत्तर : ताई, आधी तुमची प्लेट. ती तुम्ही इन्क्युबेटरमध्ये उघड्या हवेत ठेवली असणार. शेणातले बहुतेक जिवाणू ऑक्सिजन लागला की मरतात किंवा वाढत नाहीत, त्यामुळं जे हवेत जगू शकतात, ई. कोलाय अन् त्याच्यासारखे, तेवढेच तुमच्या प्लेटवर आले. आतड्यात त्यांची संख्या एकूणात फार थोडी असते. म्हणजे तुमचा प्रयोग चुकला नाही, तुम्ही फक्त दारात उभे असलेले मोजले.

ही अडचण अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी सोडवली. ते आधी वाळवीच्या पोटातले जीव अभ्यासत होते, मग गाईच्या कोठीपोटाकडं वळले. नळीतली हवा ऑक्सिजन नसलेल्या गॅसनं हाकलायची, त्यात पातळ आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, अन् सॅम्पल टाकून रबरी बूच लावायचं अन् नळी आडवी फिरवत थंड करायची, म्हणजे आगरचा पातळ थर आतल्या भिंतीला बसतो अन् कॉलनी, म्हणजे जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, तिथंच वाढतात. १९५० साली त्यांनी ही रीत तपशीलवार छापली अन् १९६६ साली कोठीपोटातल्या जंतूंवर त्यांचं अख्खं पुस्तक आलं. साधी नळी अन् बूच, पण त्याच्यामुळं कोठीपोटातले खरे रहिवासी पहिल्यांदा हातात आले.

वर्गीकरणाचं म्हणाल तर आधी आकारावरून चालायचं, गोल तो कोकस, काडी तो बॅसिलस. १८८४ साली हान्स क्रिश्चियन ग्राम यांनी रंगाची पद्धत काढली, जांभळा राहिला तो पॉझिटिव्ह, गुलाबी दिसला तो निगेटिव्ह. त्यानंतर कोण कोणती साखर खातो, काय सोडतो, हे पाहून गट पाडले. हे सगळं ओळखायला उपयोगीच आहे, आजही आहे, पण नातं याच्यावरून कळत नाही. वर पहिल्या उत्तरात धागा तोडणारे तीन सांगितले नं, त्यातला फायब्रोबॅक्टर अन् दोन रुमिनोकोकस एकाच कडब्याच्या काडीवर बसून एकच काम करतात, अन् नात्यानं एकमेकांपासून इतके लांब की त्यांचे फायलमच, म्हणजे जिवाणूंचे सगळ्यात मोठे गटच, वेगळे. उलट मेगास्फेरा घ्या, ग्राम रंगात निगेटिव्ह दिसतो, पण त्याचं कूळ निघालं बॅसिलोटात, जिथं बहुतेक सगळे पॉझिटिव्ह.

हे कळलं ते १६-एस आरआरएनएमुळं. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र, त्यातला हा तुकडा साधारण १५०० अक्षरांचा, प्रत्येक जिवाणूत असतो, अन् त्यातला काही भाग कधी फारसा बदलत नाही तर काही भाग पिढ्यान् पिढ्या सावकाश बदलतो. दोघांची अक्षरं किती जुळतात त्यावरून नातं काढायचं. कार्ल वूझ अन् जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली अशीच तुलना केली तेव्हा मिथेन वायू करणारे जंतू जिवाणूंच्या वंशातच बसेनात, त्यांची वेगळी शाखा मानावी लागली, तीच आर्किया. गाय ढेकर देते त्यातला मिथेन तेच करतात, मोठ्या जनावरात दिवसाला २५० ते ५०० लिटर. पाठ्यपुस्तकात आर्किया म्हटलं की उकळते झरे अन् मिठागरं दाखवतात, आपल्या कोठ्यातली गाय कोणी दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं.

फायब्रोबॅक्टरचं आधीचं नाव बॅक्टेरॉइड्स सक्सिनोजेनेस होतं. १६-एस पाहिल्यावर बॅक्टेरॉइड्सशी जवळचं नातं निघालं नाही म्हणून १९८८ साली त्याला नवीन जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मिळाली. कोठीपोटात भरपूर सापडणाऱ्या प्रेव्होटेलालाही आधी बॅक्टेरॉइड्सच म्हणायचे, १९९० साली वेगळं केलं. अन् चूक नुसती जिवाणूंत नव्हती. कोठीपोटात शेपट्या हलवत पोहणारे काही बारीक जीव १९१३ पासून प्रोटोझोआ म्हणून नोंदलेले होते. १९७५ साली कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या रसात दाखवलं की ते बुरशीचे बीजाणू आहेत. बुरशी ऑक्सिजनशिवाय जगतच नाही हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, म्हणून साठ वर्षं समोर असून ओळखू आली नाही. मला हा अख्ख्या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा वाटतो.

आता तुमची परीक्षा. फायलमची नावं आधी नियमात बसलेली नव्हती, ज्याला जे सुचलं ते रूढ झालं. २०२१ साली ठरलं की फायलमचं नाव त्यातल्या एखाद्या जीनसवरून घ्यायचं अन् शेवटी ओटा लावायचं. बॅसिलसवरून बॅसिलोटा, बॅक्टेरॉइड्सवरून बॅक्टेरॉइडोटा, स्यूडोमोनासवरून स्यूडोमोनाडोटा, जे आधी प्रोटिओबॅक्टेरिया होते. जंतू तेच, गट जवळपास तोच, पाटी बदलली. उत्तरात नवीन नाव लिहा अन् पुढं "आधीचे फर्मिक्युट्स" असं लिहा, कोणीही तपासलं तरी मार्क जाणार नाहीत. स्पीशीज, म्हणजे एकेक जात, ठरवताना मात्र आता अख्खा जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, ताडून पाहतात, साधारण ९५ टक्के किंवा जास्त जुळला तर एकच स्पीशीज.

अन् शेकडो कसे कळले, तर आता प्लेटवर न वाढवता थेट रसातला सगळा डीएनए काढून वाचतात. २०१५ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत ३५ देशांतल्या ३२ प्रकारच्या जनावरांचे ७४२ सॅम्पल घेतले होते, अन् प्रेव्होटेला, ब्युटिरिव्हिब्रिओ, रुमिनोकोकस असे काही गट जवळजवळ सगळीकडं सापडले, प्रमाण मात्र चाऱ्याप्रमाणं अन् जनावराप्रमाणं बदलत होतं. त्यातल्या कितीतरी गटांना अजून नीट नावच नाही, नुसतं कुळापर्यंत ओळखलेले. २०१८ साली हंगेट यांच्या नावाच्या प्रकल्पात कोठीपोटातल्या ५०१ जंतूंचे जीनोम एकत्र आले, तेही प्रयोगशाळेत वाढवता आलेल्यांचे. आपल्या गौळाऊ गाईत, नागपुरी म्हशीत, पूर्णेकाठच्या म्हशीत काय काय आहे हे शोधायला तुमच्यासारख्या पोरी लागणार आहेत, एम.एस्सी.ला विषय घेताना हे डोक्यात ठेवा.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बायांनी बेरारी बकऱ्या घेतल्या. उन्हाळ्यात चारा नव्हता तं धुऱ्यावरचा सुबाभूळच घातला, भरपूर घातला. दोन बकऱ्यायचे केस झडले अन् खाणं कमी झालं. एक जण म्हणे सुबाभूळ विषारी आहे, दुसरा म्हणे प्रोटीनचा चारा आहे. खरं काय?
— बचत गटाची एक सदस्या, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, दोघंही खरं बोलले. सुबाभळात प्रोटीन चांगलं आहे, पण त्यात मिमोसिन नावाचा पदार्थ असतो, केस झडतात ते त्याच्यानं. पोटातले जंतू मिमोसिनचं डीएचपी नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतात, अन् ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला त्रास देतं, मग खाणं कमी होतं, वजन उतरतं. डीएचपीच्या पुढं तोडणारा जिवाणू पोटात असला तर मात्र फारसं काही होत नाही.

याची गोष्ट तुमच्या बायांना जरूर सांगा, कारण ती बकऱ्यांचीच आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गाई आजारी पडायच्या अन् हवाई बेटावरच्या बकऱ्या तोच पाला खाऊन धडधाकट. रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी हे हेरलं अन् १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या बकरीच्या पोटातले जंतू नेऊन ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले, तर त्यांनाही सुबाभूळ पचायला लागला. अन् एकदा दिलेला जंतू कळपात आपोआप पसरत गेला. मग त्याची ओळख करायला घेतली तर तो कोणत्याच माहीत असलेल्या घराण्यात बसेना. गवत खात नाही, साखर खात नाही, अमिनो आम्लांवर अन् डीएचपीवर जगतो. १९९२ साली त्याला जोन्स यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्सी नाव दिलं, अन् पुढं त्याच्या घराण्याचा वेगळा फायलमच धरला गेला.

तुमच्या बकऱ्यांत तो आहे की नाही हे नुसतं पाहून कळणार नाही, म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा अन् सोबत बोर, बाभूळ, अंजनाचा पाला, तुरीचं कुटार असं मिसळून द्या. झडलेले केस सुबाभूळ बंद केला की सहसा परत येतात. कोंबड्या, ससे, गाढव यांना मात्र तो जपूनच, त्यांच्यात कोठीपोट नाही, म्हणजे हे तोडायची सोयही नाही.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली काढलेली पिल्लं मशीनच्या पिल्लांपेक्षा काटक असतात असं आजी म्हणते. यात काही तथ्य आहे का?
— इयत्ता नववीचा विद्यार्थी, मूल

उत्तर : आजीच्या म्हणण्यात तथ्य आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात जंतू फार थोडे असतात, ते आईच्या विष्ठेतून, मातीतून, दाणे टिपता टिपता येतात. मशीनच्या पिल्लाला आईच नाही, त्यामुळं जागा रिकामी राहते अन् साल्मोनेलासारखा रोगाचा जिवाणू तिथं सहज बसतो. १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी अन् रंताला यांनी मोठ्या निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला माल ताज्या पिल्लांना पाजून पाहिला, तर त्यांच्यात साल्मोनेला टिकेना. जागा आधीच भरलेली होती. पण हे वाचून शेजारच्या कोंबडीची विष्ठा पाण्यात कालवून पाजू नको बरं, तिच्यात काय काय आहे आपल्याला दिसत नाही, अन् अशा कामासाठी तपासून तयार केलेले जंतू मिळतात, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्यायचे.